आमची वाटचाल : व्हॉट्सॲप ग्रुपपासून केसपर्यंत

सहकारी बँका, पतसंस्था आणि लहान कारखान्यांच्या नेटवर्कवर सायबर हल्ल्यांसाठी नजर ठेवणं हे आमचं काम. सुरुवातीला साधनं दोनच, व्हॉट्सॲप ग्रुप आणि एक्सेल शीट. तीन पाळ्या सुरू झाल्या तसं ते पुरेना. रात्रपाळीने ब्लॉक केलेला आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, सकाळपाळी पुन्हा तपासायला घ्यायची आणि ग्राहकाला दोन फोन जायचे.

ग्रुपमध्ये याहून मोठी खोट होती. संशयास्पद लिंक चिकटवली की प्रिव्ह्यूसाठी पाठवणाऱ्याचाच फोन त्या सर्व्हरवर जाऊन येतो, आणि हल्लेखोराच्या लॉगमध्ये आपला आयपी उमटतो. तेव्हापासून लिंक मोडून लिहायची पद्धत पडली : एचटीटीपीतल्या दोन्ही टींच्या जागी एक्स, टिंबाभोवती चौकटी कंस. व्हायरसटोटल या फाइल तपासणाऱ्या संकेतस्थळावर आधी फक्त हॅश, म्हणजे फाइलचा आकडी ठसा, शोधायचा. फाइल चढवली तर ती तिथल्या सशुल्क सदस्यांना उतरवून घेता येते. तिच्यात खातेदारांची यादी असेल तर गळती आपणच केली.

पुढे द हाइव्ह हे घटना हाताळायचं सॉफ्टवेअर घेतलं. एक घटना म्हणजे एक केस, केसखाली टास्क, टास्कला एकच मालक. ‘दोघं मिळून बघा’ म्हटलं की कोणीच बघत नाही. पाचव्या आवृत्तीला परवाना बदलला आणि ते मुक्त स्रोताचं राहिलं नाही, तेव्हा आम्ही त्याच कामाच्या, मुक्त स्रोताच्या डीएफआयआर-आयरिसकडे वळलो.

टाइमलाइनने, म्हणजे घटनाक्रम लावण्याने, मात्र बराच काळ छळलं. विंडोजच्या इव्हेंट लॉगमध्ये वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) साठते, इव्हेंट व्ह्यूअर ती स्थानिक वेळेत दाखवतो, आणि फायरवॉल बहुधा भारतीय वेळेवर लावलेला असतो. दोघांनी दोन ठिकाणहून नोंदी आणल्या की लॉगिन आणि फाइली लॉक होणं यांत साडेपाच तासांचं खोटं अंतर पडतं. आता केसमध्ये सगळं यूटीसीत. ग्राहकाच्या अहवालात तेवढी भारतीय वेळ.

मिस्प या धोक्यांची माहिती साठवायच्या व वाटायच्या साधनात अडखळलो ते ‘टू आयडीएस’ या एका खुणेवर. ती लावलेला आयपी आमच्याकडे आपोआप ब्लॉक यादीत जातो. कुणी सँडबॉक्सच्या (संशयित फाइल वेगळी चालवून पाहण्याच्या यंत्रणेच्या) अहवालातला ८.८.८.८ हा गूगलच्या डीएनएसचा पत्ता तसाच उचलून टाकला, तर तो वापरणाऱ्या ग्राहकाचं डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधणंच, बंद. म्हणून मिस्पच्या वॉर्निंगलिस्ट (अशा नेहमीच्या निर्धोक पत्त्यांच्या याद्या) चालू ठेवायच्या, आणि ही खूण दुसऱ्या ॲनालिस्टने पाहिल्याशिवाय लावायची नाही.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी घटना कळवायला ६ तास दिले, तेही लक्षात आल्यापासून. ग्रुपवरचा ‘हे बघ रे जरा’ हा मेसेजही मग घटना तेव्हाच लक्षात आल्याचा पुरावा ठरू शकतो. त्यामुळे केस आधी उघडायची, खात्री नंतर. अलर्ट खोटा निघाला तर बंद करायला मिनिटभर लागतं. याच निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलं आहे, आणि घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या) वेळेशी जुळवायलाही. हे दुसरं कलम लहान संस्थांत हटकून राहून जातं.

सहा तासांच्या मध्येच पाळी बदलली तर सगळी भिस्त हँडओव्हरवर, म्हणजे पुढच्या पाळीला सोपवलेल्या नोंदीवर. ‘काम चालू आहे’ ही नोंद आम्ही परत पाठवतो. चालते ती अशी :

‘खातं ०४:१० ला बंद केलं, पण आधीचं व्हीपीएन सेशन अजून जिवंत. ते तोडायचं बाकी. सर्ट-इनची मुदत ०८:२५. शाखाधिकारी फोन उचलत नाहीत, आयटीवाल्याला लावा.’

खातं बंद केलं तरी चालू व्हीपीएन सेशन, म्हणजे बाहेरून नेटवर्कला असलेली जोडणी, आपोआप तुटेलच असं नाही. नव्या पाळीने आधी तेच तोडायचं.