भोरच्या माळ्यावरची रेसर

वर्षभरात किमान दहाजणांनी विचारलं असेल की २०० ची बीआरएम तू त्या जुन्या सायकलवर कशी काय काढलीस आणि ती मिळाली कुठं, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून काढते.

बीआरएम माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ही लांब पल्ल्याची सायकल राईड, रेस नाही, ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत पूर्ण करायचं, नंबर वगैरे काही नसतो. २०० किमीला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. चहा, जेवण, पंक्चर, झोप सगळं त्यातच धरायचं. म्हणजे तुमचा ॲव्हरेज १५ चा पडला तरी चालतं, पण तो दिवसभर टिकला पाहिजे, आणि सायकल कार्बनचीच हवी असं नियमात कुठंही नाही. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, जी या सगळ्या प्रकाराची आई आहे, ती १८९१ साली पहिल्यांदा झाली तेव्हा शार्ल तेराँने साधारण १२०० किमी ७१ तास २२ मिनिटांत मारले होते, तेसुद्धा गिअर नसलेल्या लोखंडी सायकलवर.

दुकानांत फिरले तर लांब पल्ल्याच्या म्हणून ज्या सायकली दाखवत होते त्या सत्तर हजारांच्या पुढे. माझं बजेट वीस हजार, त्यात माझी उंची पाच फूट तीन, म्हणजे स्वस्तातली जी मिळते ती मापाची नसते. मग डोक्यात आलं की आपल्या लहानपणी गल्लीत एखाद्याच दादाकडे डाऊन हँडलची, म्हणजे खाली वळलेल्या हँडलची रेसर असायची, त्या सगळ्या गेल्या कुठं? वितळवल्या तर नसतील ना सगळ्या.

सुरुवात जुन्या बाजारापासून केली. रविवारी सकाळी सातला पोचले तर एक २८ इंची काळी रोडस्टर उभी, रॉडचे ब्रेक, चेनकव्हर, पितळी घंटी, इतकी देखणी की हात फिरवत दहा मिनिटं तिथंच उभी राहिले. पण उचलून बघितली आणि सोडून दिली. वीस किलोच्या वर वजन, एकच गिअर, आणि चाकं जुन्या ६३५ मिमीच्या मापाची, ज्याला हलके टायर सहसा मिळत नाहीत. अशा सायकलवर दूधवाल्यांनी, पोस्टमननी आयुष्य काढलंय त्यामुळे तिला कमी लेखत नाहीये, पण मला खंबाटकीचा घाट चढायचा होता. बघायला जुनी सायकल हवी असेल तर कर्वेनगरला विक्रम पेंडसेंचं सायकल संग्रहालय आहे तिथं नक्की जा, मी दोनदा जाऊन आलेय. चालवायला जुनी सायकल शोधणं ही वेगळी गोष्ट आहे.

दुसरी पिंपरीत बघितली, ऑनलाईन जाहिरातीवरून. नळीवर रेनॉल्ड्स ५३१ चं स्टिकर, हे म्हणजे १९३५ पासूनचं मँगनीज-मॉलिब्डेनमचं इंग्लिश स्टील, जुन्या सायकलवाल्यांचा अगदी जीव की प्राण. किंमत ९,०००. मन एकदम हरखलं होतं, पण निघताना आमच्या सायकलवाल्या काकांनी सांगितलेलं की आधी हँडलच्या मागं खालच्या नळीवर बोट फिरव. फिरवलं तर रंगाखाली बारीक सुरकुती लागली बोटाला. समोरून कुठंतरी धडकलेली. मग सुतळीची टेस्ट केली. सुतळी फ्रेममधे मागचं चाक जिथं बसतं त्या एका खाचेला बांधायची, तिथून पुढं नेऊन हँडलखालच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या खाचेपर्यंत ताणून आणायची आणि मग सीटच्या उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर पट्टीनं मोजायचं. सरळ फ्रेमला ते सारखं भरतं. इथं एकीकडे ३१ मिमी आणि दुसरीकडे २५. नको म्हटलं, जड मनानं. घरी येईपर्यंत वाईट वाटत होतं खरं सांगते.

तिसरी भोरला मिळाली. भावाच्या मित्राच्या ओळखीतले एक काका, मुलगा दहावी पास झाल्यावर त्याला रेसर घेऊन दिलेली, तो कॉलेजला पुण्यात आला तशी ती माळ्यावर गेली ती गेलीच. मुलासाठी घेतलेली म्हणून फ्रेम २० इंची! मी दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभी राहिले तर नळी आणि माझ्यामधे दोन बोटं अंतर, आणि मला तेव्हाच कळलं की हीच. ब्रँडचं स्टिकर केव्हाच निघून गेलेलं, टायरचा चुरा, चेन म्हणजे गंजाची काठी, पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यावर कोळ्याची जाळी. पण सुतळी लावली तर दोन्हीकडे २८. काका म्हणाले, "ताई, चार हजार द्या, डाऊन हँडल आहे ती." मी अडीच म्हटलं. तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, "अहो देऊन टाका, माळा तरी मोकळा होईल," आणि तीन हजारांवर ठरलं. भावाच्या टेम्पोत घालून आणली.

आता जे महत्त्वाचं ते हे की जुन्या सायकलीत फक्त फ्रेम आणि चिमटा विकत घ्यायचा, सरळ आणि आपल्या मापाचा. बाकी सगळं बदलता येतं. आणि त्या काळच्या फ्रेम बदलू देतात, हेच तर त्यांचं सुख आहे. मागच्या दोन खाचांमधलं अंतर १२० मिमी होतं, नव्या सात गिअरच्या चाकाला १२६ लागतं, तर आमच्या सायकलवाल्या काकांनी दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिमी जपून फाकवली. स्टीलला चालतं ते, ॲल्युमिनियमला चुकूनही करू नका. जुनी २७ इंची स्टीलची चाकं काढून ७०० सी मापाची अलॉय बसवली, कारण पावसात स्टीलच्या रिमवर ब्रेक लागतच नाहीत. नवं चाक त्रिज्येत ४ मिमीने लहान, त्यामुळे ब्रेकचे रबर तेवढेच खाली आणावे लागतात, जुने ब्रेक पुरले नाहीत म्हणून लांब हाताचे घेतले. ३२ मिमीचे टायर आरामात बसले, मडगार्डसकट, बऱ्याच नव्या रेसिंग सायकलीत एवढी जागा नसते.

सगळ्यात जास्त जीव काढला तो कॉटर पिनच्या क्रँकने, म्हणजे पाचरीसारख्या पिनेनं अडकवलेल्या पेडलच्या दांड्यांनी. कॉटर लांबच्या राईडला सैल होतो म्हणून काढायचाच होता. पिना निघाल्या, पण बीबीचा, म्हणजे क्रँकचा आस जिच्यात फिरतो त्या बेअरिंगचा, उजवा कप हलेना. मी घरी दोन संध्याकाळी तेल सोडून पाना लावून जोर करत होते, शेवटी उचलून काकांकडे नेली. त्यांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, "अगं बाळा, उजव्या बाजूला उलटे आटे असतात, तू दोन दिवस घट्टच करतीयेस." मग पाना मशीनच्या शिकंज्यात धरून अख्खी फ्रेमच गोल फिरवली आणि कट्ट करून कप सुटला. आत छऱ्यांचा काळा चिखल झालेला. आटे इंग्लिश मापाचे निघाले, त्यामुळे आजचा साधा, बंदिस्त कार्ट्रिज बीबी सरळ बसला. जुन्या फ्रेंच सायकलीला हे आटे वेगळे असतात, ती स्वस्तात मिळाली तरी बीबी शोधताना नाकीनऊ येतात, तर घेताना विचार करा.

गिअरचे खटके मात्र मूळचेच ठेवले, खालच्या नळीवरचे. त्यांना ठरलेले टप्पे नसतात, हाताच्या अंदाजानं सरकवायचे, म्हणून कुठलंही फ्रीव्हील, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा संच, चालतं. मागं १४-३४ दाते, पुढं ४८-३८-२८, आणि मागचा डिरेलर, म्हणजे चेन सरकवणारा भाग, माऊंटन बाईकचा, कारण जुना ३४ दात्यांना पुरत नव्हता.

खर्च: सायकल ३,०००, चाकं ४,२००, टायर-ट्यूब ३,१००, क्रँक आणि बीबी १,९००, फ्रीव्हील-चेन-डिरेलर १,७००, ब्रेक आणि केबल १,३००, काकांची मजुरी आणि पूर्ण ओव्हरऑइलिंग १,२००. एकूण १६,४००. हेल्मेट, लाईट, रिफ्लेक्टरचं जाकीट वेगळं, ते कुठल्याही सायकलला लागणारच. वजन साडेतेरा किलो भरलं.

मग ती २००. पहाटे सहाला पुण्यातून निघून कात्रज, शिरवळ, खंबाटकी, साताऱ्याच्या अलीकडून परत. शिरवळच्या पुढं मागचं चाक पंक्चर झालं, वीस मिनिटं गेली. खंबाटकीला सगळ्यात हलक्या गिअरवर, २८-३४ वर टाकली आणि बसूनच चढले, शेजारून महागड्या सायकली पुढं जात होत्या, जाऊ दे म्हटलं, घड्याळ माझ्या बाजूनं होतं. परतीला उतारावर स्टीलचा चिमटा रस्त्याचे खड्डे जे काही पिऊन टाकतो ना, हात दुखलेच नाहीत. पोचले तेव्हा १२ तास ४० मिनिटं.

ब्रेव्हे कार्ड (राईडची नोंद असलेलं कार्ड) आणि सायकल असा फोटो काढून भोरच्या काकांना पाठवला. त्यांचा लगेच फोन, "ताई, लई भारी! पण स्टँड कुठं गेला?" स्टँड काढून ठेवलाय, बाल्कनीत आहे. नोव्हेंबरात ३०० आहे, त्याआधी पुढच्या हबला डायनॅमो बसवायचा विचार चाललाय, कुणी बसवला असेल तर जरूर सांगा.