न वाळणारी गोधडी

कोकणात ज्या घरात लहान मूल आहे, त्या घराचा आषाढ वासावरून ओळखता येतो. पडवीत आडव्या टांगलेल्या बांबूवर दुपटी, लंगोट, झबली आणि एखादी गोधडी असा सगळा संसार चार-चार दिवस लोंबत असतो, आणि समोर अंगणात पागोळ्यांची धार काही तुटत नाही. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या पट्टीत श्रावण संपेपर्यंत कपडा वाळत नाही, तो फक्त गार होतो. शेवटी तो चुलीपाशी न्यावा लागतो, आणि मग बाळाच्या अंगाला दुधाबरोबर धुराचाही वास येऊ लागतो.

मुलांना शी-शूची सवय कधी लावावी, याविषयी सगळे मुलाच्या वयाचा हिशेब सांगतात. वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या घरात माझ्या सासूबाई मात्र महिन्याचा हिशेब सांगत. "जा काय शिकवचा असात, ता मे म्हयन्यात शिकव. पावसात नको," असा त्यांचा एका वाक्याचा अभ्यासक्रम होता. मी तेव्हा शहरातून बदकाच्या आकाराचे प्लास्टिकचे भांडे आणले होते. मुलगा त्या बदकावर बसून गाडी चालवीत असे, आणि मग खाली उतरून त्याच्या शेजारी शू करीत असे.

सासूबाईंची पद्धत जुनी होती. मुलगा मान सावरू लागला तेव्हापासून त्या भिंतीला टेकून पाय लांब करून बसत, दोन्ही पावले जोडून त्यांवर त्याला बसवीत आणि ओठांतून बारीक ‘शूऽऽ’ असा आवाज काढीत. बहुतेक वेळा काम होई, आणि त्या माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहत. आता विचार केला की वाटते, त्यात मुलगा काही शिकला नव्हता. शिकल्या होत्या त्या सासूबाई. झोपेतून उठल्यावर किती वेळाने, दूध प्यायल्यावर किती वेळाने, कोणत्या चुळबुळीनंतर, हे त्यांना पाठ झाले होते. लघवी स्वतःहून रोखून धरण्याची ताकद मुलाला साधारण दीड वर्षानंतर येऊ लागते, आणि ‘मला आली आहे’ हे कळून, सांगून, जागेपर्यंत पोहोचेतोवर दम धरणे हे त्याहून बरेच पुढचे कौशल्य आहे.

ते कौशल्य आमच्याकडे मे महिन्यातच आले. अंगात फक्त बंडी घातलेले पोर दिवसभर खळ्यात हिंडे, सुपारीच्या बुंध्याशी उभे राहून स्वतःच्याच धारेकडे आश्चर्याने बघे, आणि पंधरा दिवसांत त्याला या क्रियेचा कर्ता आपणच आहोत, हा शोध लागला. डायपरमध्ये हा शोध लागत नाही, कारण आतले रसायन लघवी शोषून तिचा गोळा करते आणि मुलाला ओले लागतच नाही. प्रवासात डायपरसारखी सोय नाही, हे मी नाकारणार नाही. पण जिथे कचऱ्याची गाडी येत नाही अशा वाडीत वापरलेला डायपर टाकायचा कुठे, याचे उत्तर मला आजतागायत सापडलेले नाही. तो जळत नाही, कुजत नाही, आणि ओढ्यात टाकला तर पहिल्या पुरात समुद्रावर जाऊन पुढच्या भरतीला परत येतो.

दिवसाचे असे निभावले. रात्रीचे मात्र राहिले.

मुलगा सहा वर्षांचा झाला, पहिलीत गेला, आणि आठवड्यातून चार सकाळी अंथरूण ओले. मी त्याला रागावत असे, हे लिहिताना लाज वाटते. पण तो राग खरोखर कोणावर होता, हे समजायला मला दोन पावसाळे लागले. एप्रिलमध्ये गोधडी भिजली तर मी काही बोलत नसे, कारण दुपारपर्यंत ती कडकडीत वाळलेली असे. जुलैमध्ये तीच गोधडी भिजली की माझा आवाज चढे. मुलाचा गुन्हा तोच, शिक्षा ऋतूप्रमाणे! वर गोधडी अशी वस्तू की ती लपवता येत नाही. ती पडवीत टांगली की रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला बातमी कळते, आणि आमच्याकडे कोणीही रस्त्याने मुकाट्याने जात नाही. "आज परत?" असे शेजारच्या काकूंनी सहज विचारले, की मुलगा दप्तर घेऊन मागच्या दाराने शाळेला निघे.

तालुक्याच्या गावी एका बालरोगतज्ज्ञांना दाखवले. त्यांनी सांगितले, की पाच वर्षांच्या आत याची मोजदादच करायची नसते. पाच वर्षांच्या शंभर मुलांपैकी सुमारे १५ मुले रात्री अंथरूण ओले करतात, आणि जी करतात त्यांच्यातली दर वर्षी साधारण १५ टक्के काहीही न करता आपोआप कोरडी होतात. रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून शरीर एक संप्रेरक जास्त सोडते. काही मुलांत ही व्यवस्था उशिरा बसते. त्यातच मूत्राशय लहान आणि झोप अशी, की भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचला तरी दार कोणी उघडत नाही. मुलाच्या वयात एक मिळवून तिसाने गुणले, की त्याच्या मूत्राशयात मावणारे मिलिलिटर अंदाजे मिळतात, हेही त्यांनी कागदावर करून दाखवले. सहा वर्षांच्या मुलाचे २१०, म्हणजे पेलाभर. बरा होऊन सहा महिने कोरडा राहिलेला मुलगा अचानक पुन्हा भिजवू लागला, लघवीला जळजळ होऊ लागली किंवा त्याला अतोनात तहान लागू लागली, तर मात्र लगेच आणा, असे त्यांनी बजावले.

मग त्यांनी पोट साफ होते का, असे विचारले, कारण आतडे गच्च भरलेले असले की ते मूत्राशयाला दाबते. पाणी तोडू नका, दिवसा भरपूर द्या, फक्त संध्याकाळनंतर कमी करा, असे ते म्हणाले. आणि चहा बंद. या शेवटच्या सूचनेने सासूबाई दुखावल्या, कारण रोज दिवेलागणीला नातवाने त्यांच्या कपात बटर बुडवून खायचे, हा दोघांचा नेम होता. त्यांनी स्वतःहून सुरू केलेल्या काळ्या तिळाच्या आणि गुळाच्या लाडवाविषयी विचारले, तेव्हा डॉक्टर हसून म्हणाले, की त्याने थांबेलच असे नाही, पण बिघडणारही नाही. सासूबाईंनी यातला दुसरा अर्धाच ऐकला.

ओल लागताच वाजणाऱ्या घंटेचाही त्यांनी उल्लेख केला. तिची हकीकत मी नंतर वाचली. १९०४ मध्ये फाउंडलर नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी रुग्णालयातल्या परिचारिकांना ओले अंथरूण वेळेवर कळावे म्हणून असे यंत्र वापरले, आणि काही दिवसांनी असे दिसले, की मुलेच घंटा होण्याआधी जागी होऊ लागली आहेत. १९३८ मध्ये मॉवरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ दांपत्याने त्याचा रीतसर उपचार केला, आणि तो आजही चालतो. आमच्याकडे तो केला नाही. ती घंटा वाजली असती तर आधी सासूबाई उठल्या असत्या, मग कुत्रा, मग शेजारच्या काकू, आणि चिरंजीव सर्वांत शेवटी.

निघताना डॉक्टरांनी सहज विचारले, "लहानपणी आई-वडिलांपैकी कोणाला हा त्रास होता का? हे घराण्यात असते." नवऱ्याने ठामपणे नाही म्हटले. घरी आल्यावर मी ते सासूबाईंना सांगितले. त्यांनी हातातली विळी बाजूला सारली.

"नाय म्हणालो? चवथीपर्यंत गोधडी भिजवीत होतो तो."

मुलगा उंबऱ्यावर बसून ऐकत होता. त्याने बापाकडे जे पाहिले, त्यात विश्वासघाताचे दुःख मुळीच नव्हते; परमुलखात एकदम गाववाला भेटावा तसा तो चेहरा होता.

त्याच वर्षी गणपतीला मुंबईहून चाकरमानी आले. माजघरात एक लांब सतरंजी अंथरून नऊ मुले ओळीने झोपली. माझा जीव मात्र ओळीतल्या तिसऱ्या उशीपाशी होता. मुलाला वेगळे झोपवावे असे मी सुचवले होते, पण त्याने मान हलवली; वेगळे झोपणे म्हणजे सगळे सांगून टाकणेच. रात्री भजन उशिरापर्यंत रंगले, काळ्या वाटाण्याची उसळ झाली, आणि मी त्याला उठवायचे ठरवले होते ते विसरून झोपले. पहाटे धडपडत आले तेव्हा सतरंजीच्या मधोमध व्हायचे ते झालेले होते आणि ते चुलत बहिणीच्या उशीपर्यंत पोहोचले होते.

सासूबाई माझ्याआधी तिथे उभ्या होत्या, हातात पिण्याच्या पाण्याचा तांब्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि तांब्या शांतपणे सतरंजीवर उपडा केला, डावीकडून उजवीकडे, भाताच्या तरव्याला शिंपावे तसा. पेलाभराच्या गुन्ह्यावर तांब्याभर पाणी. मग त्या मोठ्याने ओरडल्या, "अगो बाय माझे! पायात तांब्यो इलो!" नऊच्या नऊ पोरे दचकून उठली, दोघीतिघी रडू लागल्या, आणि सगळ्यांनी मिळून आजीला दृष्टी कमी झाल्याबद्दल बोलून घेतले. त्यांनी ते मुकाट्याने ऐकले.

मी हे नवऱ्याला विहिरीवर सांगितले. तो बराच वेळ पोहऱ्याच्या दोराकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "माझ्या वेळेला कळशी होती."

सतरंजी पडवीच्या बांबूवर टाकली ती गौरी गेल्या तरी ओलीच होती. तिची कड इतकी खाली आली होती, की माटवीखालच्या गणपतीच्या दर्शनाला येणारा प्रत्येक जण, शेजारच्या काकूंसुद्धा, तिच्याखालून वाकून आत येत होता.