महाबळेश्वर ते पुणे: तीन उतार आणि न्यूट्रलचा हिशेब

परतीचा रस्ता साधारण 120 किलोमीटरचा. मोठे उतार तीन: पाचगणीहून वाईला उतरणारा पसरणी घाट, खंबाटकी बोगद्यापुढचा उतार आणि कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतची लांब उतरण. "न्यूट्रलला टाक, पेट्रोल वाचेल" असं गाडीतलं कुणीतरी म्हणतंच. हा सल्ला कार्ब्युरेटरवाल्या जुन्या गाड्यांच्या जमान्यातला. तेव्हा पाय काढला तरी इंजिन पेट्रोल ओढतच राहायचं. इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला आणि आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) दीड हजाराच्या वर असला, की पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंद होतात. इंजिन फिरतं ते चाकांच्या जोरावर. न्यूट्रलला मात्र त्याला नुसतं चालू राहायलाच तासाला 0.6 ते 0.8 लिटर पेट्रोल लागतं, एसी लावला तर आणखी.

पसरणी घाटात हे मीटरवरच दिसतं. तिसऱ्या गिअरमध्ये 40 च्या वेगाने पाय काढून उतरताना तात्कालिक मायलेजचा आकडा वरच्या टोकाला चिकटतो. न्यूट्रलला टाकलं की 50-60 वर येतो. घाट बारा किलोमीटरचा, उतरायला पंचवीस मिनिटं. म्हणजे न्यूट्रलमध्ये पाव लिटर पेट्रोल वाचत नाही, उलट जळतं. अगदी सौम्य उतारावर, जिथे गिअरमध्ये गाडी मंदावते आणि ॲक्सिलरेटर द्यावा लागतो, तिथे न्यूट्रलला किंचित कमी लागतं हे खरं. पण ती बचत चमच्यांनी मोजायची.

खरा प्रश्न ब्रेकचा. माणसं-सामानासह 1400 किलोची गाडी इथे साडेपाचशे मीटर खाली येते. टायर आणि वाऱ्यात जातं ते वगळलं, तरी बादलीभर पाणी उकळेल एवढी उष्णता उरते. गिअरमध्ये इंजिन त्यातला मोठा वाटा घेतं. न्यूट्रलमध्ये सगळी ब्रेकच्या पॅड आणि लायनरवर पडते. आधी जळका वास येतो, मग ब्रेकची पकड कमी होते. ब्रेक ऑइल ओलावा शोषतं; जुनं डॉट 3 ऑइल 140 अंशांच्या आसपासच उकळू शकतं. वाफ झाली की पेडल थेट खाली जातं. दोन वर्षांनी ऑइल बदलायला सांगतात ते यासाठीच.

इंजिन बंद करून उतरणं तर त्याहून वाईट. दोन-तीनदा दाबल्यावर पेडल दगडासारखं होतं, स्टिअरिंग जड होतं, किल्ली काढली तर लॉकच.

चढताना जो गिअर लागतो तोच उतरताना, हा जुना नियम पसरणीला चपखल बसतो: वळणांवर दुसरा, सरळ तुकड्यावर तिसरा. पेट्रोल इंजिन तीन-साडेतीन हजार आरपीएमला ओरडलं तरी बिघडत नाही. ब्रेक सतत घासत ठेवू नका. ठाम दाबा, वेग उतरला की सोडा. ऑटोमॅटिकवाल्यांनी एल (खालचा गिअर) किंवा मॅन्युअल मोड वापरावा. इलेक्ट्रिक गाडी महाबळेश्वरला पूर्ण चार्ज करू नका. बॅटरी भरलेली असली की रीजनरेशन (वीज परत बॅटरीत भरत गाडी मंदावणं) जवळपास मिळत नाही, 85 टक्के पुरे.

वास आलाच तर मोकळी जागा बघून वीस मिनिटं थांबा. पाणी ओतू नका, डिस्क वाकते. तापल्या ड्रमवर हँडब्रेक ओढण्यापेक्षा गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा.

खंबाटकीला साताऱ्याकडून जुन्या बोगद्यातून आलात, तर बाहेर पडताच उतारावरचं एस वळण लागतं. गिअर बोगद्यातच उतरवून ठेवा.

कात्रजनंतर रुंद रस्त्यामुळे उतार जाणवतच नाही, आणि गोम तिथेच आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये नवले पुलाजवळ एका ट्रकच्या धडकेने किमान दोन डझन वाहनांचं नुकसान झालं. ट्रक उतारावर न्यूट्रलमध्ये असल्याचं तपासात पुढे आलं. अवजड गाडीत न्यूट्रलला एक्झॉस्ट ब्रेकही (इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणारा) कामाचा राहत नाही, आणि वेग वाढला की गिअर परत पडत नाही. त्यामुळे कात्रज बोगद्यानंतरच्या दरी पुलापासून आरसा बघत राहा. मागचा ट्रक इंजिनाचा आवाज न करता जवळ येत असेल किंवा लायनरचा वास येत असेल, तर त्याच्या पुढे राहू नका. लेन बदलून त्याला जाऊ द्या.