थायरॉइडची गाठ: सेंटीमीटर नंतर बघा

गळ्यात गाठ निघाली की कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या रांगेत काय किंवा राजारामपुरीतल्या दवाखान्यात काय, पहिला प्रश्न ठरलेला: ‘केवढी आहे?’ पण चार सेंटीमीटरची गाठ साधी निघू शकते आणि एकाची कॅन्सरची. बहुतेक गाठी साध्याच असतात.

आधी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर निदान दोन दिवस आधी थांबवा, नाहीतर आकडा चुकीचा येतो. टीएसएच कमी आला तर स्कॅन करतात. त्यात गाठ स्वतःच हार्मोन बनवताना दिसली तर कॅन्सरची शक्यता फारच कमी, सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासायची (एफएनएसी) सहसा गरज नाही.

एरवी निर्णय सोनोग्राफीवर. गाठ भरीव आणि काळसर, कडा वेड्यावाकड्या, आत बारीक पांढरे ठिपके, आडवीपेक्षा उभी जास्त: ही लक्षणं जमली की टायरॅड्स ५, म्हणजे सोनोग्राफीवरून ठरणाऱ्या संशयाच्या ग्रेडमधली सगळ्यात वरची. सुई कधी? ५ ला १ सेंटीमीटरपासून, ४ ला दीड, ३ ला अडीच. रिपोर्टात ग्रेड नसेल तर मागून घ्या. आवाज बसलाय किंवा गाठ काही आठवड्यांत भराभर वाढलीय, तर या आकड्यांची वाट बघू नका.

एफएनएसीची सुई बारीक असते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ हे कट्ट्यावरचं ज्ञान, सोडून द्या. सुईचा रिपोर्ट बेथेस्डा १ ते ६ अशा गटांत येतो. १ म्हणजे नमुना अपुरा, बहुधा पुन्हा सुई. २ साधी, ६ कॅन्सर. घोळ होतो तो ३ आणि ४ ला. फॉलिक्युलर या प्रकारच्या थायरॉइड कॅन्सरच्या पेशी साध्या गाठीसारख्याच दिसतात. गाठीचं आवरण किंवा रक्तवाहिनी फोडून त्या बाहेर पडल्यात का, हे सुईतून आलेल्या चार थेंबांत कळत नाही. म्हणून ४ ला सर्जन अर्धी ग्रंथी काढू म्हणतात. ती टाळाटाळ नव्हे, निदानच तिथं होतं.

कॅन्सरच्या ऑपरेशननंतर रेडिओआयोडीन (किरणोत्सारी आयोडीनचा उपचार) सगळ्यांना लागत नाही. लागलंच तर एक-दोन आठवडे आयोडीनयुक्त मीठ, मासे, अंड्याचा बलक आणि दूध बंद, गंगावेशीतलं धारोष्णसुद्धा. हॉटेलचा तांबडा-पांढरा नकोच, त्यात कुठलं मीठ पडलंय कोण सांगणार? आणि नुकताच कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट दिसावं म्हणून टोचतात ते औषध) देऊन सीटी झाला असेल तर तारीख ठरवायच्या आधी डॉक्टरांना सांगा. त्या औषधात भरपूर आयोडीन असतं, उपचार काही आठवडे पुढं ढकलावे लागतात.