बीईटी चाचणी करून घेताना: माझं सगळं अडलं डीगॅसिंगला

अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनचं पृष्ठफळ बीईटी चाचणीने मोजून घ्यायचं होतं. सॅम्पल देणं, आलेख काढणं यात काहीच अडलं नाही. अडलं ते डीगॅसिंगला, म्हणजे मोजणीआधी सॅम्पल तापवून, पंपाने ओढून त्यातली वाफ आणि वायू काढून टाकण्याला, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

तत्त्व सुटसुटीत आहे. ७७ केल्विनला नायट्रोजनचे रेणू घन पृष्ठभागावर थराने बसतात. पहिला थर भरायला किती वायू लागला ते काढायचं आणि दर रेणूमागे ०.१६२ चौरस नॅनोमीटर धरायचे. लँगम्यूरने १९१८ साली एकाच थराचं गणित मांडलं. ब्रुनाउअर, एमेट आणि टेलर यांनी १९३८ साली थरावर थर धरले; बीईटी ही त्यांचीच आद्याक्षरं. पण त्यासाठी जागा रिकामी हवी. हवेत राहिलेल्या कार्बनच्या छिद्रांत पाण्याची वाफ आधीच ठाण मांडून बसलेली असते.

प्रयोगशाळेच्या फॉर्मवर डीगॅसिंगच्या तापमानाचा रकाना होता, वेळेचा नव्हता. तापमान मी ३०० अंश सेल्सिअस लिहिलं. वेळ सगळ्यांना एकच; झाली की सॅम्पलची नळी काढायची. पहिला अहवाल बघताच आकडा कमी वाटला. पुढच्या वेळी मी तिथे उभा राहिलो आणि पंपाकडचा व्हॉल्व्ह बंद करायला लावला. पडद्यावरचा दाब थांबेना, चढतच राहिला. गळती तपासली, नव्हती. म्हणजे कार्बन अजून वाफ सोडत होता! तरी प्रयोगशाळेचं उत्तर, ‘बाकी कोणी तक्रार करत नाही.’ पुन्हा अर्ज, पुन्हा नंबर लागायची वाट. शेवटी नळी रात्रभर तापत ठेवायची परवानगी मिळाली. सकाळी व्हॉल्व्ह बंद केला तर दाब जागचा हलला नाही. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! या वेळी पृष्ठफळ चांगलंच वाढलेलं आलं, आणि हट्ट धरला याचा मला अभिमान आहे.

वजन डीगॅसिंगनंतरचंच धरा, नाहीतर पाणीही कार्बनच्या हिशोबात जातं. रिकामी नळी आणि भरलेली नळी, दोन्ही एकाच वायूने भरून तोला.

आणखी एक, अहवालात नुसता आकडा घेऊ नका, समतापी वक्राचे, म्हणजे तापमान तेच ठेवून दाबागणिक किती वायू बसला त्या आलेखाचे, सगळे बिंदू मागा. सापेक्ष दाबाची (वायूचा दाब भागिले त्याच तापमानाला त्याचा संपृक्त दाब) ०.०५ ते ०.३० ही गणितासाठीची नेहमीची पट्टी सूक्ष्म छिद्रांच्या कार्बनला चालत नाही, खाली सरकावी लागते. बीईटीच्या समीकरणातला ‘सी’ स्थिरांक (वायू पृष्ठभागाला किती घट्ट धरतो ते सांगणारा) ऋण आला तर पट्टी चुकली आहे.

हो, ३०० अंश सरसकट लिहू नका. पृष्ठभागावर सेंद्रिय गट जोडलेली सिलिका असेल तर ते गटच उडून जातील. आधी टीजीए, म्हणजे तापवत नेताना वजन कुठे घटतं ते बघणारी चाचणी, करून घ्या.