मामा तलावाच्या पाण्याखाली कॅमेरा, आणि पाठवता येईल एवढी फाइल

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या मामा तलावांत पाण्याखालचं चित्रण करायचं असेल तर दिवाळी झाल्यावर थोडं थांबून जा. पावसाळ्यात आलेला गाळ तोवर खाली बसतो, धानाला पाणी सोडून झालेलं असतं आणि पाण्यातल्या वनस्पती अजून हिरव्या असतात. आम्ही त्याच सुमारास गेलो. गोंदियाहून चंद्रपूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर अर्जुनी स्टेशन आहे. तिथून गावापर्यंत दुचाकीची सोय आधीच करून ठेवा.

मामा म्हणजे माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या (सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या) ताब्यातले. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने हे तलाव बांधले, १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले. मासे धरतात ते ढिवर. बहुतेक ठिकाणी त्यांच्या सहकारी संस्थेकडे तलावाचा ठेका असतो, म्हणून कॅमेरा बाहेर काढण्याआधी संस्थेच्या लोकांना भेटा. आम्हाला एका म्हाताऱ्या बाबांनी आपल्या डोंग्यातून नेलं. जाळी कुठे लागलेली आहेत, पाणी कुठे निवळ आहे, हे त्यांच्याशिवाय कुणी सांगू शकलं नसतं. नवेगावबांधला राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे जाणार असाल तर मात्र आधी वनविभागाला विचारा.

डोंग्यात बसल्यावर बाबांनी विचारलं, “हे आमच्या मोबाइलात दिसते का जी?” माझ्या मते पाण्याखालचा व्हिडिओ करणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न सगळ्यात आधी घ्यावा. ज्यांचा तलाव, त्यांच्या फोनवर चित्र उघडलं पाहिजे. बाकीचे प्रेक्षक नंतर.

आता फाइलच्या वजनाबद्दल. ४के चित्रण ६० एमबीपीएसने (सेकंदाला ६० मेगाबिट; आठ बिटांचा एक बाइट) केलं तर मिनिटाला सुमारे ४५० एमबी जागा जाते. तीन मिनिटांचा तुकडा १.३५ जीबी. गावात अपलोडचा वेग २ एमबीपीएस मिळाला, तर तो चढायला दीड तास लागेल. हाच तुकडा १०८० पीमध्ये ८ एमबीपीएसवर आणला की १८० एमबीचा होतो आणि बारा मिनिटांत चढतो. झिप करून काहीच साधत नाही, कारण कॅमेऱ्याने व्हिडिओ आधीच दाबलेला, म्हणजे कॉम्प्रेस केलेला असतो.

पाण्याखालचा व्हिडिओ दाबायला इतका अवघड का, हे समजून घेतलं तर पुढची निम्मी कामं तलावातच होतात. कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबणारी प्रणाली, प्रत्येक चौकट (फ्रेम) नव्याने लिहीत नाही. आधीच्या चौकटीतला कुठला भाग कुठे सरकला एवढंच तो नोंदवतो. मोकळ्या रस्त्यावरून चालत केलेल्या चित्रणात हे जमतं. तलावात मात्र गाळाचा प्रत्येक कण आपल्या वाटेने फिरतो, हायड्रिला या पाणवनस्पतीच्या फांद्या डोलतात, लाटांतून आलेला उजेड तळावर थरथरतो. कोडेकला अंदाज बांधता येत नाही आणि सगळे बिट त्या कणांवर खर्च होतात. माशाच्या खवल्यांसाठी काही उरत नाही, तिथे चौकोन दिसू लागतात.

म्हणून कॅमेरा हातात धरून फिरवू नका. बांबूला घट्ट बांधा, खाली दगडाचं वजन द्या, तळावर टेकवा आणि डोंगा दूर न्या. उठलेला गाळ बसतो, मासेही परत येतात. आमच्यासमोर आधी बारीक मासे आले, मग एक मरळ अगदी भिंगाजवळ येऊन थांबली. ते चित्रण सगळ्यात सुंदर आलं आणि दाबल्यावर सगळ्यात लहानही झालं. उन्ह डोक्यावर असताना उजेड खोल जातो; अकरा ते दोन ही वेळ धरा. टॉर्च लावू नका, भिंगासमोरचे कणच उजळतात.

घरी आल्यावर क्रम असा ठेवा: आधी काटछाट, मग रंग, आणि शेवटी एकदाच दाबणं. शेवाळामुळे आलेली हिरवी झाक मूळ फाइलमध्येच कमी करा. दाबलेल्या फाइलमध्ये रंगाची माहिती कमी उरते, ताणली की पट्टे पडतात. मी व्हिडिओ दाबायला मोफत मिळणारं हँडब्रेक हे सॉफ्टवेअर वापरतो. १०८० पी, सेकंदाला ३० चौकटी, एच.२६४ कोडेक, आरएफ (दर्जाचा आकडा) २२ ते २४. हा आकडा वाढला की फाइल लहान होते आणि दर्जा उतरतो. फिल्टरमध्ये एनएलमीन्स हा चित्रातली खरखर कमी करणारा पर्याय ‘लाइट’वर ठेवा. त्याने कणांची चुळबुळ थोडी शमते आणि बिट वाचतात. त्याहून जोरात लावू नका. पाणी प्लॅस्टिकसारखं दिसतं, मागच्या हिरव्यात पायऱ्या दिसतात. ‘वेब ऑप्टिमाइझ्ड’वर खूण करा, म्हणजे पूर्ण उतरण्याआधीच व्हिडिओ सुरू होतो.

एच.२६५ या नव्या कोडेकने फाइल बरीच लहान होते हे खरं. पण जुन्या, स्वस्त फोनवर ती अडखळते किंवा उघडतच नाही. गावात द्यायची प्रत एच.२६४ मध्येच करा: ७२० पी, २ एमबीपीएस, म्हणजे मिनिटाला १५ एमबी. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखी पाठवली तर ती पुन्हा दाबली जाते, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. तिथे २ जीबीपर्यंत चालतं. यूट्यूबसाठी वेगळी, मोठी प्रत ठेवा. तिथेही व्हिडिओ पुन्हा दाबला जातोच, म्हणून चढवताना हात आखडता घेऊ नका.

आवाज काढून टाकून फारसं वाचत नाही, १२८ केबीपीएसला मिनिटाला जेमतेम १ एमबी. पाण्याखालची घरघर काढा आणि त्या जागी ढिवर बाबांचा आवाज भरा. कुठला मासा कधी कुठे अंडी घालतो, कुठली वनस्पती वाढली की मासे हटतात, हे त्यांना पाठ आहे. आम्ही ते संध्याकाळी फोनवर रेकॉर्ड केलं, आणि माझ्या लेखी चित्रांपेक्षा ते जास्त मोलाचं आहे.

पेनड्राइव्हवर देणार असाल तर एक तपासा. तो फॅट३२ या जुन्या फॉरमॅटचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात जाणार नाही; एक्सफॅट या नव्या फॉरमॅटला ती अडचण नाही, पण काही जुने टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत. लहान प्रत फॅट३२ वर टाका आणि गावातल्याच एखाद्या टीव्हीवर लावून बघा. मूळ फाइल त्यानंतरच कार्डावरून पुसा.