अठरा झाले की स्कूल बस बंद, मग पुढे?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात शाळेत जाणाऱ्या मुलांच्या ने-आणीची सोय करायला सांगितलंय, पण मोफत शिक्षणाचा हक्क १८ पर्यंतच. त्यानंतर माझ्या लेकासारखी बौद्धिक अपंगत्व असलेली मुलं कार्यशाळेत जायला लागतात, पणत्या, कागदी पिशव्या वगैरे बनवायला, आणि तिथे पोचवायचं कोणी तर आईबापानेच. एसटीत सवलत आहे हो, पण आमच्या ठाण्यात कार्यशाळेच्या दारात एसटी जाते कुठे! लोकलला दिव्यांगांचा डबा आहे, त्यात सकाळी धडधाकट माणसं ठाण मांडून बसलेली, वर माझ्या लेकालाच म्हणतात, "हा तर चांगला चालतोय की". आता बौद्धिक अपंगत्व काय कपाळावर लिहिलेलं असतं?

शेवटी आम्ही तिघीचौघींनी मिळून रिक्षा लावली, भाडं कार्यशाळेच्या फीपेक्षा जास्त, पण काका सोन्यासारखा माणूस. गेटवर हॉर्न दोनदाच वाजवतात, तिसऱ्यांदा वाजला की आमचा हिरो डबा विसरून, चप्पल न घालता धावत सुटतो हे त्यांना बरोब्बर कळलंय. गणपतीत काका कोकणात जाणार, तेव्हा ओळखीतला कोणी शांत डोक्याचा रिक्षावाला असेल तर प्लीज कळवा.